मांडवात नाऱ्या हवाच

आपल्याकडे ‘गट’ म्हटलं की बचत गट, सातबाऱ्यावरचा गट नंबर, नाहीतर पक्षातून फुटून निघालेला गट. मोबाईलनं त्यात आणखी एक गट आणून सोडलाय, पोटातला. गट फीलिंग. रील उघडलं की कुणीतरी मोठ्या गाडीच्या बॉनेटला टेकून सांगत असतो : मोठी माणसं कागद-पेन घेऊन बसत नाहीत, आतला आवाज ऐकतात. हिशेब कारकून करतो, मालक झेप घेतो. मागे ढोल-ताशे, खाली हजारो बदाम.

मी कारकून आहे. छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतो. कर्जासाठी बँकेला लागणारे प्रोजेक्ट रिपोर्ट तयार करणं हे माझं निम्मं काम. म्हणजे या भांडणात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकलेला बरा. समोरच्या खुर्चीत वर्षभर पोरं-पोरी येऊन बसतात. कॅफे, जिम, क्लाउड किचन, कार वॉशिंग, पाण्याचे जार. बापाचा पीएफ किंवा आईचे दागिने आधीच ठरलेले असतात, उरलेलं कर्ज. आणि मी गिऱ्हाईक किती येईल असं विचारलं की उत्तर तयार असतं, ‘भाऊ, आतून वाटतंय. चालणार म्हणजे चालणार.’

या ‘आतून वाटण्या’विरुद्ध मला बोलायचंय. पण सगळ्याच आतून वाटण्याविरुद्ध नाही, आणि इथेच त्या बॉनेटवाल्यानं घोळ करून ठेवलाय. त्यानं एका इंग्रजी शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या. मराठीत त्या कधीच एक नव्हत्या. आपल्याकडे हुक्की आहे आणि आडाखा आहे. क्रियापदंच बघा ना. हुक्की येते, आडाखा बांधावा लागतो. हुक्की कुणालाही, कधीही, झोपेतून उठल्यावरसुद्धा येऊ शकते. आडाखा बांधायला त्याच कामात हात पोळलेले असावे लागतात. दोन्ही आतूनच येतात, दोन्ही झटक्यात येतात, आणि ज्याला येतात त्याला दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात. म्हणून तर गोंधळ होतो.

जाधववाडीच्या मोंढ्यात सीझनला जाऊन बघा. सिल्लोड-कन्नडकडून मक्याच्या गाड्या लागलेल्या असतात. एखादा जुना व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर खेळवतो, एक दाताखाली धरतो आणि ओल किती टक्के ते सांगतो. मग मॉइश्चर मीटर लावतात. फरक पडला तर अर्ध्या-एका टक्क्याचा. त्याला विचारा कसं कळलं, तर तो खांदे उडवेल. त्यालाही सांगता येत नाही. हा आडाखा, आणि त्याच्यापुढे मी टोपी काढून उभा राहायला तयार आहे.

आता त्याच माणसाला विचारा, ‘शेठ, मार्चमध्ये मका कुठं जाईल?’ तो तितक्याच ठामपणे आकडा सांगतो. तीच जीभ, तोच आवाज, तोच खांदे उडवण्याचा झोक. आणि या आकड्याच्या भरवशावर मका गोदामात दाबून ठेवलेली माणसं मी बुडताना पाहिली आहेत. माणूस तोच आहे, मग अक्कल कुठं गेली? कुठंच गेली नाही. दाण्याच्या बाबतीत त्याला तीस वर्षं, दिवसाला शंभर वेळा, लगेचच्या लगेच उत्तर मिळत आलंय. चुकला की मीटर तोंडावर सांगतं. भावाच्या बाबतीत उत्तर मिळतं वर्षातून एकदा, आणि तेही कारण न सांगता. पाऊस लांबला म्हणून, कोंबड्यांचं खाद्य कमी उठलं म्हणून, इथेनॉलवाल्यांनी खरेदी वाढवली म्हणून की दिल्लीनं आयातीचं धोरण बदललं म्हणून? अशा उत्तरातून हात शिकत नाही. तीस वर्षांत तीस उत्तरं, आणि त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ आपल्या सोयीनं लावलेला.

हे मी मोंढ्यात बघितलं, पण यावर मोठ्या लोकांचं मोठं भांडण होऊन गेलंय. डॅनियल काहनेमन हे नाव ऐकलं असेल, २००२चं अर्थशास्त्राचं नोबेल, ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ हे २०११चं पुस्तक. झटपट विचार करणारी एक यंत्रणा, सावकाश विचार करणारी दुसरी. एक आणि दोन नंबरच्या या यंत्रणांची नावं मुळात किथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट या मानसशास्त्रज्ञांची, गाजवली काहनेमन यांनी. झटपट यंत्रणा कशी फसवते हे सांगण्यात त्यांची हयात गेली. दुसऱ्या बाजूला गॅरी क्लाइन. हा गृहस्थ अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांमध्ये फिरला आणि त्याला उलटंच दिसलं. धुरानं भरलेल्या घरात उभा असलेला अधिकारी अचानक सगळ्यांना बाहेर काढतो, का ते त्यालाही कळत नाही, आणि मागोमाग जमीन खचते. क्लाइनचा अशा माणसांच्या आतल्या आवाजावर विश्वास. दोघांनी भांडायचं ठरवलं, काही वर्षं भांडले, आणि २००९मध्ये मिळून एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच म्हटलंय की मतभेद करायला गेलो आणि जमलं नाही. निष्कर्ष साधा होता. आतल्या आवाजावर भरवसा ठेवायला दोन अटी : ज्या जगाबद्दल तो बोलतोय त्या जगाला काही नियम, काही पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणं हवीत, आणि त्या माणसाला तिथं भरपूर सराव आणि लवकर उत्तर मिळालेलं हवं. आवाज किती ठाम आहे याला किंमत शून्य. काहनेमन यांनी एका गुंतवणूक कंपनीतल्या २५ सल्लागारांची आठ वर्षांची कामगिरी तपासली होती. यंदा पुढे असलेला पुढच्या वर्षीही पुढे असण्याचा संबंध जवळपास शून्य निघाला. बोनस मात्र दरवर्षी कौशल्याला म्हणून वाटला जात होता.

आता कॅफेवाल्या पोराला या अटी लावा. निराला बाजारात किंवा कॅनॉटला त्यानं आजवर किती कॅफे चालवलेत? एकही नाही. किती कॅफेंत बसलाय? सगळ्याच. गिऱ्हाईक म्हणून कमावलेली जाण त्याला मालकाची जाण वाटते. कोल्ड कॉफी चांगली कुठली हे त्याला खरोखर कळतं, पण दुपारी दोन ते पाच रिकाम्या खुर्च्यांचं भाडं कोण देतं, हे गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. बॉनेटवाला त्याला म्हणतो, धाडस कर. अरे, हे धाडस कुठलं? तरीही त्याला हुक्की आली याचा मला राग नाही. विसाव्या वर्षी हुक्क्या नाही येणार तर कधी? राग याचा की ती आडाख्याच्या भावात खपवली जाते.

मी लहान माणसांवर टीका करतोय असं वाटत असेल तर पैठण रोडनं चितेगावला जाऊ. व्हिडिओकॉन या शहराची कंपनी. रंगीत टीव्ही देशात नुकता येत होता तेव्हा, ऐंशीच्या दशकात, धूत कुटुंबानं जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेऊन टीव्ही बनवायला घेतले. मध्यमवर्गाला परवडेल असा टीव्ही हा त्यांचा आडाखा आणि तो लखलखीत खरा ठरला. पंधरा-वीस वर्षं बाजार त्यांना रोज उत्तर देत होता : काच केवढी, डबा केवढा, किंमत केवढी. काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये ही माणसं मुरलेली होती.

मग २००५ आलं. फ्रान्सच्या थॉमसन कंपनीला पिक्चर ट्यूबचा आपला धंदा विकायचा होता. पोलंड, इटली, चीन, मेक्सिको इथले कारखाने. व्हिडिओकॉननं ते घेतले. मराठवाड्यातल्या कंपनीनं युरोपातले कारखाने घेतले म्हणून आम्हा सगळ्यांची छाती फुगली, मी शाळेत होतो, मलाही आठवतं. पुढच्या दोनच वर्षांत, २००७च्या शेवटच्या तिमाहीत, जगभरात सपाट एलसीडी टीव्हींनी काचेच्या टीव्हींना विक्रीत मागे टाकलं. इटलीतली कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली.

या खरेदीमागे फायली नव्हत्या असं कोण म्हणेल? एवढा व्यवहार गठ्ठाभर कागदांशिवाय होत नाही. पण फाईल काय शोधायला निघते हे तिच्या आधी ठरलेलं असतं. वीस वर्षं ट्यूबनं तुम्हाला मोठं केलं असेल तर ट्यूब स्वस्तात मिळतेय हे आधी दिसतं. विकणारा एवढ्या घाईनं का विकतोय, हा प्रश्न दुसऱ्या पानावर जातो. आडाखा जुन्या जगात बांधलेला होता, जग बदललं, आणि आडाख्याची हुक्की झाली; आतून मात्र तो तसाच वाटत राहिला. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट भीतीदायक वाटते. नवशिक्याची हुक्की निदान ओळखू तरी येते.

त्यानंतर मोबाईल सेवा. २००८चे परवाने सर्वोच्च न्यायालयानं २ फेब्रुवारी २०१२ला रद्द केले, एकूण १२२, त्यात यांचेही. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा कर्जदात्यांचे दावे साठ हजार कोटींच्या आसपास होते. २०२१मध्ये मंजूर झालेली बोली होती २,९६२ कोटींची, आणि तिची मंजुरीही पुढे रद्द झाली. बॉनेटवाला या गोष्टीचा पहिला भाग सांगतो, चितेगावचा माणूस जगात गेला, आणि तिथंच रील संपवतो. तीस सेकंद झालेली असतात.

उलट बाजूनं जालन्याचे बद्रीनारायण बारवाले घ्या. १९६४मध्ये त्यांनी महिको काढली, १९९८मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्यांचीही गोष्ट द्रष्टेपणाची म्हणून सांगतात. पण कंपनीच्या आधी त्यांनी स्वतःच्या शेतात भेंडीचं बियाणं वाढवून बघितलं होतं. भेंडी दीड-दोन महिन्यांत उत्तर देते.

‘म्हणजे तुमचं म्हणणं, हिशेब करा, रिपोर्ट बनवा?’ असं म्हणाल. थांबा. माझ्या पोटापाण्याचा धंदा असला तरी सांगतो, आमच्याकडचा हिशेब बऱ्याचदा हुक्कीचा वकील असतो. प्रोजेक्ट रिपोर्ट कसा बनतो? गिऱ्हाईक आधी कर्जाचा आकडा सांगतं, दहा लाख. मग हप्ता निघतो. हप्ता फिटेल एवढा नफा हवा, नफ्याएवढी विक्री हवी, विक्रीएवढे दिवसाचे कप हवेत. शेवटी ‘रोज १४० कप’ असं काहीतरी उतरतं आणि ते पहिल्या पानावर जातं, जणू तिथूनच सुरुवात झाली. पुढची पाच वर्षं दरवर्षी १५ टक्के वाढ. का १५? १० टाकले तर बँकेचं गुणोत्तर बसत नाही, २० टाकले तर साहेब हसतो. हे एका ऑफिसचं गुपित नाही, कुठल्याही शहरातल्या कुठल्याही कर सल्लागाराला विचारा. यात सावकाश विचार करणारी दोन नंबरची यंत्रणा ओव्हरटाइम करते, एक्सेलची बारा पानं भरते, पण ‘हे करावं का?’ एवढा एकच प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो.

याचा सर्वांत चकचकीत नमुना तुम्ही लहानपणी ऐकला असेल. ऑक्टोबर २०१०, औरंगाबादनं एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, साधारण ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली आणि ती मराठवाड्याचा जोश, वेडेपणा, हुक्की अशा थाटात लिहिली गेली. प्रत्यक्षात ती हुक्की अजिबात नव्हती. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट केला (हा जुन्या अर्थाचा गट), मोजदाद केली, कंपनीशी घासाघीस केली, स्टेट बँकेकडून ७ टक्क्यांनी कर्ज मिळवलं. इतका शिस्तीचा सामूहिक हिशेब या शहरात पाण्याच्या पाइपलाइनसाठीही झाला नाही. पण तो सगळा हिशेब राबत होता कशासाठी? ‘आम्हालाही मोजा’ या एका सलीसाठी. सल खोटी नव्हती, मुंबई-पुण्यानं आपल्याला कधी मोजलंय? तरी सल ती सलच. पी. साईनाथ यांनी तेव्हा ‘द हिंदू’त दाखवून दिलं की याच जिल्ह्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी याच्या दुपटीच्या घरात व्याज पडत होतं. ज्याच्या ट्रॅक्टरनं दुसऱ्या दिवसापासून उत्तर द्यायला सुरुवात करायची, त्याला महाग पैसा. ज्या गाडीनं फक्त पोर्चमध्ये उभं राहायचं, तिला स्वस्त.

हेच बॉनेटवाला कधी बोलत नाही. झेप घेणाऱ्याच्या खाली जाळी कुणाची, हा प्रश्न. बँकेची जाळी असेल तर हुक्कीला दूरदृष्टी म्हणतात. आईच्या पाटल्यांची जाळी असेल तर पडल्यावर सगळा वाडा म्हणतो, पोरगं हुकलेलंच होतं.

आणि हो, विचारपूर्वक घेतलेला निर्णय बरोबरच येतो असंही कुणी माझ्या तोंडी घालू नये. १९८५मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराचं नशीब फिरलं. त्याच बजाजनं २००९च्या शेवटी स्कूटर बंद करायचं ठरवलं, फक्त मोटारसायकलवर लक्ष द्यायचं म्हणून. राजीव बजाज यांचा हा पक्का, तर्कशुद्ध निर्णय. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड सांगितलं. इकडे होंडाची अ‍ॅक्टिव्हा घराघरांत पोचली, तिकडे बजाजच्या मोटारसायकली परदेशात धो धो खपल्या. २०२०च्या जानेवारीत चेतक परत आली, विजेवर. कोण बरोबर होतं? दोघांचाही मुद्दा अजून उभा आहे. पण तो निर्णय कशासाठी घेतला, त्यात काय सोडलं, हे स्वच्छ सांगता येतं आणि म्हणूनच त्यावर वाद घालता येतो. ‘आतून वाटलं’ याच्याशी वाद कसा घालणार?

वाद घालणारा माणूसच आपण धंद्यात शिरू देत नाही. ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.’ म्हण तुम्हाला माहीत आहे, आजीनं हजार वेळा ऐकवली असेल. मला या म्हणीत कायम नाऱ्याची दया येते. मांडवाला खरंच आग लागली असेल तर? त्याच्याकडे एकानंही वळून बघितलेलं नाही. आपल्याकडे दुकानाचं ठरलं की मुहूर्त, फ्लेक्स, सत्यनारायण, फीत कापायला नगरसेवक. मधेच आई विचारते, ‘भाडं किती रे?’ की सगळे तिच्यावर धावतात, सुरुवातीलाच नाट लावू नको म्हणून. वाईट बोललं की वाईट होतं, हा समज इतका मुरलाय की नुकसानीचा आकडा कागदावर लिहिणंसुद्धा अपशकुन.

मगाचा तो क्लाइन, आतल्या आवाजाचा कैवारी, त्यानंच या नाऱ्याला खुर्ची दिलीय. २००७मध्ये त्यानं एक युक्ती मांडली, प्री-मॉर्टेम नावाची. निर्णय जवळजवळ झालाय, सही बाकी आहे. सगळ्यांनी बसायचं आणि धरून चालायचं की वर्ष उलटलंय, काम साफ बुडालंय. आता प्रत्येकानं का बुडालं ते लिहायचं. ‘बुडेल का?’ असं विचारलं की घरचे लोक धीर देतात. ‘बुडालंय, का बुडालं?’ असं विचारलं की तेच लोक भराभर बोलायला लागतात. पार्किंग नव्हतं, भागीदार मित्र होता त्यामुळे पैसे मागता आले नाहीत, रस्ता खोदून ठेवला सहा महिने. रस्त्याचं तर या शहरात कुणीही आधीच सांगेल.

मी हे समोरच्या खुर्चीतल्या पोरांना विचारतो. बऱ्याच जणांना राग येतो, एकजण उठून दुसऱ्या सल्लागाराकडे गेला. पण जे बसतात त्यांना मी आणखी एक विचारतो, कर्जाच्या आधी हेच काम छोट्यात, पाच-दहा हजारांत, महिनाभर करून उत्तर मिळवता येईल का? कॅफेच्या आधी एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगला स्टॉल. जिमच्या आधी कुणाच्या तरी जिमवर सकाळच्या पाळीची नोकरी. हुक्कीचा आडाखा होण्याचा हा एकच रस्ता मला माहीत आहे, आणि तो बँकेतून जात नाही.

मागच्या पावसाळ्यात वाळूजजवळच्या बजाजनगरातून एक ताई आल्या. एमआयडीसीत एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे देतात. पोळ्यांचं मशीन आणि कणीक मळायचं यंत्र घ्यायचं होतं, तीन लाखांचं कर्ज. त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. रोज किती डबे गेले, आणि संध्याकाळी डब्यातून काय परत आलं. दोन वर्षांची नोंद. भेंडी परत येते, वांगं येत नाही. नाइट शिफ्टवाल्याला दोन पोळ्या जास्त. पंचवीस तारखेनंतर पोरं अर्धा डबा मागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात कणीक कमी भिजवायची. अमुक कंपनीत ब्रेक दिला की अकरा डबे बंद. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी विचारलं, वर्षभरानं बंद पडलं तर कशामुळे पडेल? ताईंनी क्षणभरही न थांबता सांगितलं, गॅस आणि माझं गुडघेदुखणं.

रिपोर्टच्या फॉर्मॅटमध्ये त्या वहीला जागा नव्हती. शेवटच्या सहा महिन्यांची पानं झेरॉक्स करून आम्ही मागे जोडली. बँकेत साहेबांनी फाईल चाळली, झेरॉक्सची पिन काढली आणि पानं परत दिली, याची गरज नाही म्हणून. मग पुढच्या पाच वर्षांच्या तक्त्यावर टिक करत गेले. ताई पानं घडी घालून पिशवीत ठेवत होत्या. त्यांची नजर तक्त्यावर गेली.

‘साहेब, हे दरवर्षी पंधरा टक्के वाढणार म्हणून कुणी सांगितलं?’

साहेब म्हणाले, ‘फॉर्मॅटच तसा आहे. इथं सही करा.’